विषाणूमुळे डोळा आला तर: अँटिव्हायरल थेंब आणि मलम सांभाळून कसं वापरायचं

डोळा लाल झाला की हात आपसूक औषधांच्या डब्याकडे जातो. मागच्या वेळी उरलेली एखादी बाटली त्यात हमखास सापडते. लेबल अर्धं पुसलेलं असतं, पण 'डोळ्यांचे थेंब' एवढं वाचता येतं, आणि तेवढ्यावर ती डोळ्यात जाते. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ती बाटली आधी बाजूला ठेवा. अँटिव्हायरल थेंब हे लाल डोळ्याचं सर्वसाधारण औषध नाही. ते मोजक्या विषाणूंवर, डॉक्टरांनी डोळा तपासल्यानंतर, ठरलेल्या वेळी आणि ठरलेले दिवसच घालायचं असतं.

आधी विषाणू कोणता ते कळू द्या

विषाणूमुळे डोळे येतात तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे अ‍ॅडिनोव्हायरस असतो. डोळा लाल होतो, पाणी वाहतं, आत वाळू गेल्यासारखं खुपतं. आधी एक डोळा येतो आणि दोन-चार दिवसांत दुसराही. सोबत घसा दुखतो किंवा कानापुढची गाठ दुखरी होते. अ‍ॅडिनोव्हायरसवर आज सर्रास वापरता येईल असा सिद्ध झालेला अँटिव्हायरल थेंब नाही. हा आजार साधारण एक ते तीन आठवड्यांत आपला आपण उतरतो. तोवर थंड पाण्याच्या घड्या आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी आराम पडतो. अँटिबायोटिक थेंबांचाही इथे उपयोग नाही, कारण ते जिवाणूंवर काम करतात.

अँटिव्हायरल थेंब आणि मलमं मुख्यतः हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूसाठी आहेत. ओठावर तापाचे फोड आणणारा तो हाच. लहानपणी कधीतरी तो शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो. जागा झाला की मज्जातंतूच्या वाटेने डोळ्यापर्यंत येतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, जखम करतो. ही जखम वरवरची असेपर्यंत औषधाला चांगला प्रतिसाद देते. खोल गेली तर मागे पांढरा डाग राहू शकतो. 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात त्यातला हा एक प्रकार.

तिसरा विषाणू नागिणीचा. कपाळावर, पापणीवर एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं असेल, आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड आले असतील, तर डोळ्याला धोका आहे असं समजा. इथे मुख्य औषध पोटातून घेण्याच्या गोळ्या. अ‍ॅसायक्लोव्हिर असेल तर प्रौढांना सहसा 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, 7 ते 10 दिवस देतात. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरुवात झाली तर फायदा जास्त. नुसत्या थेंबांवर नागीण सोडून देऊ नका.

हर्पिस आणि साधा 'आलेला डोळा' यांतला फरक आरशात बघून कळत नाही. डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा पिवळसर-नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात पाहतात. हर्पिसची जखम असेल तर झाडाच्या फांदीसारखी, टोकांना गाठी असलेली हिरवी रेघ चमकते. दोन मिनिटांची तपासणी असते, पण पुढचं सगळं औषध तिच्यावर ठरतं.

एक गोष्ट फार फसवी आहे. हर्पिसमुळे कॉर्नियाची संवेदना बोथट होते. म्हणून जखम मोठी असूनही डोळा फारसा दुखत नाही, असं होऊ शकतं. 'दुखत तर नाही, मग बघू दोन दिवस' हा हिशोब इथे धरू नका.

हातात आलेलं औषध नीट वाचा

नेहमी दिली जाणारी औषधं तीन.

अ‍ॅसायक्लोव्हिरचं डोळ्यांचं मलम 3 टक्के ताकदीचं असतं. खालच्या पापणीच्या आत साधारण 1 सेंटिमीटरची पट्टी, दिवसातून पाच वेळा, आणि जखम भरल्यावरही निदान 3 दिवस.

गॅन्सिक्लोव्हिरचं 0.15 टक्क्याचं जेल थेंबासारखंच घालायचं. जखम भरेपर्यंत दिवसातून पाच वेळा एक थेंब, त्यानंतर 7 दिवस दिवसातून तीन वेळा.

ट्रायफ्लुरिडीन 1 टक्का हे पाण्यासारखे थेंब. जागेपणी दर दोन तासांनी एक, पण दिवसात 9 पेक्षा जास्त नाहीत. जखम भरल्यावर 7 दिवस दर चार तासांनी. एकूण 21 दिवसांच्या पुढे सलग घालायचे नाहीत. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे झोपलेलं औषध आहे. विषाणूने बाधित पेशीत शिरलं की विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी. (हेच विकर अ‍ॅडिनोव्हायरसकडे नाही, म्हणून तिथे अ‍ॅसायक्लोव्हिर निरुपयोगी. हे औषध ज्या संशोधनातून आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं.) ट्रायफ्लुरिडीन असा भेद करत नाही. ते निरोगी पेशींच्या डीएनएतही शिरतं, आणि जास्त दिवस घातलं तर औषधच कॉर्नियाला सोलवटून काढतं. मग डोळा लाल राहतो, माणसाला वाटतं आजार गेला नाही, आणि तो आणखी थेंब घालतो.

हे आकडे औषधांची नेहमीची मात्रा म्हणून दिले आहेत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

आता लेबल वाचताना दोन ठिकाणी थांबा. पहिलं, अ‍ॅसायक्लोव्हिरचं त्वचेसाठीचं क्रीमही मिळतं. ते 5 टक्क्यांचं असतं, नाव तेच, ट्यूबही साधारण तशीच. ते ओठांसाठी आणि त्वचेसाठी आहे. डोळ्यात ते अजिबात जाता कामा नये. ट्यूबवर डोळ्यांसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर रात्री अर्धवट झोपेत चूक व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं, स्टेरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन अशी 'सोन' किंवा 'लोन'ने संपणारी नावं दिसली की सावध व्हा. सगळीच स्टेरॉइडं अशी संपत नाहीत, लोटेप्रेडनॉल हे त्यातलंच एक, म्हणून शंका आली तर औषध विक्रेत्याला सरळ विचारा. कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिकच्या जोडीने स्टेरॉइड असतंच. त्याने लाली झटकन उतरते, बरं वाटतं, आणि तेवढ्यात विषाणूला मोकळं रान मिळून फांदीसारखी बारीक जखम नकाशासारखी पसरते. याच कारणाने त्या उरलेल्या बाटलीपासून मी सुरुवात केली. कॉर्नियाच्या आतल्या थरांत सूज असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतातही, पण अँटिव्हायरलच्या आडोशाने आणि वरचेवर तपासत. ते चालू असेल तर मनाने एकदम बंदही करू नका.

औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: गरोदरपण किंवा अंगावर पाजत असणं, आधी कधी डोळ्यात हर्पिस झालेला असणं, डोळ्याची शस्त्रक्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स, काचबिंदूचे थेंब, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. गोळ्या घ्यायच्या असतील तर मूत्रपिंडाचा आजारही, कारण त्यात मात्रा कमी करावी लागते.

थेंब घालण्याची रीत

हे काम सोपं वाटतं म्हणूनच बिघडतं. निम्मं औषध गालावर जातं.

हात साबणाने धुवा, स्वच्छ टॉवेलने किंवा कागदी रुमालाने पुसा. डोळ्याला चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतल्या कोपऱ्याकडून बाहेर एकदाच पुसा आणि तो बोळा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा.

बाटलीवर हलवायला सांगितलं असेल तरच हलवा. झाकण टेबलावर पालथं ठेवू नका, आतली बाजू वर राहू द्या.

बसा किंवा आडवे व्हा, मान मागे टाका, नजर छताकडे. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हळूच खाली ओढा, आत छोटासा खिसा तयार होतो. बाटलीचं टोक त्या खिशाच्या दोन-एक सेंटिमीटर वर धरा आणि एकच थेंब पडू द्या. टोक पापणीला, केसांना, डोळ्याला, बोटाला कशालाच लागता कामा नये. लागलं तर विषाणू बाटलीत जातो आणि दर वेळी तुम्हीच तो डोळ्यात परत टाकता. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा, थेंब बरोबर पडतो.

दुसरा थेंब घालावासा वाटतो. गरज नसते. डोळ्याच्या खिशात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतला एक थेंबच बहुधा त्याहून मोठा असतो. जादा थेंब फक्त गालाला मिळतो. पहिला थेंब नक्की बाहेर पडला असं वाटलं तरच पुन्हा घाला.

डोळा हलकेच मिटा. घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका, दोन्हींनी औषध बाहेर ढकललं जातं. मिटलेल्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं अलगद दाबून ठेवा. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते. ती बंद राहिली की औषध डोळ्यात टिकतं आणि घशात कडू चवही कमी येते. थेंब घातल्यावर जीभ कडू झाली तर घाबरू नका, ते औषधच आहे.

मलमाचं तंत्र तेच, फक्त थेंबाऐवजी पापणीच्या खिशात आतल्या कोपऱ्यापासून बाहेर बारीक पट्टी सोडायची, ट्यूबचं टोक न टेकवता. मग डोळा मिटून बुबुळ आत फिरवायचं म्हणजे मलम पसरतं. पुढची काही मिनिटं सगळं धुकट दिसणार. नजर स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नका, जिने उतरतानाही सांभाळा.

झालं की पुन्हा हात धुवा. ही पायरी बहुतेकांकडून राहते.

एकाहून जास्त औषधं असतील तर पाण्यासारखं आधी, जेल नंतर, मलम शेवटी. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं आणि मलमाआधी दहा मिनिटं जाऊ द्या. लगोलग घातलं तर दुसरं औषध पहिल्याला धुऊन टाकतं.

डॉक्टरांनी एकाच डोळ्याला सांगितलं असेल तर एकाच डोळ्याला घाला. 'खबरदारी म्हणून' चांगल्या डोळ्यातही घालण्याने त्या डोळ्याला औषधाचा त्रास मिळतो आणि बाटलीच्या टोकावरून संसर्ग पोचायची संधीही.

पाच वेळा म्हणजे कधी कधी

'दिवसातून पाच वेळा' ही सूचना सगळ्यात जास्त मोडते. सकाळी एक, दुपारी विसरलं, मग संध्याकाळपासून झोपेपर्यंत चार. याला पाच वेळा म्हणत नाहीत. मलमासाठी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 हे वेळापत्रक छान बसतं, मध्ये चार-चार तास आणि रात्रीची झोप अखंड. जेल तीन तासांच्या अंतराने सांगितलं असेल तर सकाळी 8, 11, दुपारी 2, 5 आणि रात्री 8. ट्रायफ्लुरिडीनचे नऊ थेंब सकाळी 6 पासून रात्री 10 पर्यंत दर दोन तासांनी नेमके मावतात. फोनवर गजर लावा. त्याहून चांगलं म्हणजे कागदावर चौकटी आखून घातल्यावर खूण करा, कारण गजर बंद करून नंतर विसरणं आपल्या सगळ्यांना छान जमतं.

एखादी वेळ चुकली तर आठवल्याबरोबर घाला. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन वेळांचं औषध एकदम घालून भरपाई होत नाही.

काय चालण्यासारखं, काय नाही

घातल्यावर थोडी आग, चुरचुर, काही मिनिटं अंधुक दिसणं, किंचित लाली हे अपेक्षित आहे. पापण्या सुजल्या, प्रचंड खाज सुटली, भोवतालची त्वचा लाल होऊन सोलायला लागली तर अ‍ॅलर्जी असू शकते. डॉक्टरांना लगेच विचारा.

पुढचं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा: नजर कमी होणं, डोळा आतून ठणकणं, उजेड असह्य होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल दुखरा डोळाही याच यादीत. तान्ह्या बाळाचा, विशेषतः पहिल्या महिन्यातला, लाल डोळा म्हणजे तातडीची वेळ. तिथे एक थेंबही घरी घालू नका.

उपचार सुरू केल्यावर वरवरची जखम साधारण एक-दोन आठवड्यांत भरते. आठवडाभर नियमाने औषध घालूनही फरक नसेल तर औषध वाढवायचं नसतं, पुन्हा तपासून घ्यायचं असतं. निदान वेगळं असू शकतं, किंवा औषधाचाच त्रास होत असू शकतो.

उपचार संपेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स नको. संसर्ग झाला तेव्हा वापरात असलेल्या लेन्स आणि त्यांची डबी, दोन्ही फेकून द्या. डोळ्यावर पट्टी बांधू नका, त्रास झाला तर काळा चष्मा पुरे. तपासताना डॉक्टर घालतात ते डोळा बधिर करणारे थेंब 'किती आराम पडला' म्हणून घरी मागू नका. वारंवार घातल्यास ते जखम भरूच देत नाहीत. आणि घरात तयार केलेला कुठलाही रस, अर्क, पाणी डोळ्यात नको. जखम उघडी आहे, निर्जंतुक नसलेली वस्तू तिथे नवा आजार आणते.

थांबवायचं कधी

लाली गेली म्हणजे जखम भरली असं नाही. जखम भरली की नाही ते पुन्हा रंग घालूनच कळतं. म्हणून दुसऱ्या तपासणीची तारीख चुकवू नका, आणि भरल्यानंतरचे ते 3 किंवा 7 दिवस पूर्ण करा. उलट बाजूही तितकीच खरी: सांगितलेले दिवस संपले की थांबा. 'आणखी चार दिवस घालून टाकू' यात फायदा नाही.

ट्रायफ्लुरिडीन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. बाकीची औषधं कुठे ठेवायची ते वेष्टनावर असतं. ज्या दिवशी बाटली किंवा ट्यूब उघडली ती तारीख पेनाने तिच्यावरच लिहा. उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी, किंवा वेष्टनावर याहून कमी मुदत असेल तर तेव्हा, ती फेकायची, आत कितीही शिल्लक असो. एकाची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, घरातल्यालाही.

घरातल्या बाकीच्यांसाठी

अ‍ॅडिनोव्हायरस असेल तर थेंबांपेक्षा स्वच्छता मोलाची. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकू शकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला सहजी दाद देत नाही. साबण-पाणी चांगलं. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ, चष्मा वेगळे. डोळा लाल आणि पाणावलेला आहे तोवर, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, तो पसरू शकतो असं धरा. हर्पिस इतक्या सहज पसरत नाही, पण ओठावर फोड असलेल्या माणसाने फोडाला लावलेला हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये, आणि तान्ह्या बाळाचे पापे घेऊ नयेत.

लहान मुलांना थेंब घालणं ही वेगळीच कसरत. मूल डोळे घट्ट मिटत असेल तर आडवं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि त्याला डोळा उघडायला सांगा, थेंब आपोआप आत जातो. मुलांमध्ये हर्पिस दोन्ही डोळ्यांना होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि वाढत्या वयात एका डोळ्यावर डाग राहिला तर तो डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. मुलांची पुढची तपासणी म्हणूनच टाळू नका.

पुन्हा झालं तर

हर्पिसचा विषाणू थेंबांनी शरीरातून जात नाही, तो मज्जातंतूत परत जाऊन झोपतो. त्यामुळे तो पुन्हा उठू शकतो. वारंवार होत असेल तर डॉक्टर रोजच्या गोळ्यांचा विचार करतात. अमेरिकेतल्या 'हर्पेटिक आय डिसीज स्टडी'ने 703 रुग्णांवर हे तपासलं. 12 महिने अ‍ॅसायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना डोळ्याचा हर्पिस पुन्हा झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना. फायदा आहे, पण हमी नाही, आणि वर्षभर रोज गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डोळ्याने आधी काय सोसलंय त्यावर ठरतं.

ज्यांना एकदा झालाय त्यांनी एक चिठ्ठी पाकिटात ठेवावी: कोणता डोळा, कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती दिवस, आणि 'डोळ्यात हर्पिस होऊन गेला आहे, न तपासता स्टेरॉइड थेंब नकोत' ही एक ओळ. प्रवासात डोळा लाल झाला आणि समोरचा डॉक्टर नवा असला की ती त्याच्या हातात द्यायची.